उजेड विझतो कसा, ते पाहा



आज मी तुमच्याशी एका अगदी साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. शहरात तिला टॉर्च म्हणतात, आमच्या गावाकडे बॅटरी म्हणतात आणि शाळेच्या जुन्या पुस्तकात तिला विजेरी असा छान शब्द होता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा देवघराच्या फळीवर अशी एखादी जुनी विजेरी पडलेली असेल. बल्ब गेला म्हणून बाजूला ठेवलेली, पण टाकून द्यायला मन न धजावलेली. तिच्यात बल्बच्या जागी एलईडीचं मॉड्यूल, म्हणजे बल्बच्याच खाचेत बसणारा एलईडीचा तयार संच, बसवता येतो. प्रश्न असा की कोणता बसवायचा? हा प्रश्न मला एकदा बराच महागात पडला असता. म्हणून आज हे बोलणं.

आमच्या वडिलांची एक पितळी विजेरी होती. तीन सेलची, हातभर लांब, अंगावर उभ्या रेघा. वडील गेल्यावर ती थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे आली. मी सोलापुरात विज्ञानाचा शिक्षक. दादा गावी शेती बघतो. आमच्याकडे पंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की अकरा-बाराला उठायचं, मोटार चालू करायची, बांधावरून जाऊन पाणी वळवायचं. उसाच्या रानात हे काम करताना हातात उजेड नसेल तर काय होतं, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. म्हणजे खेड्यातल्या माणसाच्या हातातली विजेरी ही हौसेची वस्तू नव्हे.

तर २०११ सालच्या पावसाळ्यात त्या विजेरीचा बल्ब गेला. दादा म्हणाला, "तसला बल्ब आता इथं मिळत नाही. तू शहरातनं बघ." मी गेलो बाजारात. दुकानदारानं काउंटरवर एलईडीचं मॉड्यूल ठेवलं. "सर, हे टाका. बल्बच्या दसपट उजेड." आकार तोच होता, बूड तेच होतं. मी खूश होऊन घेतलं आणि गावी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन. "अरे, पेटतच नाही हे."

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी विचारलं, "सेल कसे घातलेस?" त्याचं उत्तर ऐकून हसू आलं. वडिलांच्या सवयीनं तो सेल उलटे घालत होता, टोपी मागे आणि बूड पुढे. जुन्या बल्बला त्याचं काहीच नव्हतं. बल्बमधली तार ही नुसती तार, वीज इकडून येवो की तिकडून, ती तापते आणि उजेड देते. एलईडी मात्र डायोड आहे. तो वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. सेल सरळ घातल्यावर तो लखकन पेटला. पण आनंद चार दिवसच टिकला. उजेड निळसर झाला, मॉड्यूल हाताला चटका देण्याइतकं तापू लागलं आणि पाचव्या दिवशी गेलं.

चूक माझी होती. त्याच्या कागदावर बारीक अक्षरात ३ व्होल्ट लिहिलं होतं. ते दोन सेलच्या विजेरीसाठी होतं. आमची विजेरी तीन सेलची, म्हणजे नवे सेल घातले की साडेचार व्होल्टची. मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलो की एक कोरडा सेल दीड व्होल्टचा, आणि स्वतः बाजारात गेल्यावर तेवढंच विसरलो.

इथं थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. त्यापेक्षा थोडं कमी मिळालं तर तो मंद होतो, थोडं जास्त मिळालं तर त्यातून वाहणारी वीज एकदम कितीतरी पटींनी वाढते आणि तो जळतो. तारेच्या बल्बचं असं नाही. तार तापली की तिचा विरोध वाढतो, म्हणजे ती स्वतःच स्वतःला आवरते. एलईडीला आवरणारा दुसरा कोणीतरी लागतो. मॉड्यूलच्या पोटात एक छोटीशी चकती असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. एलईडीला किती वीज द्यायची, ते हा ड्रायव्हर ठरवतो. आपण मॉड्यूल निवडतो तेव्हा खरं म्हणजे आपण ड्रायव्हर निवडत असतो. गंमत अशी की दुकानात आपण फक्त एलईडी बघतो, आणि ड्रायव्हरकडे कोणीच बघत नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. तीन सेलला चालेल असं, ३ वॉटचं, भारीतलं मॉड्यूल घेतलं. उजेड असा की समोरच्या लिंबावरचं घरटं दिसावं. घरातली पोरं रात्री अंगणात उभं राहून लांबच्या टाकीवर झोत टाकत होती. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावोजी, एवढ्या उजेडाचं करायचं काय? पायापुरता दिसला म्हणजे झालं." मी हसण्यावारी नेलं.

ऑक्टोबर महिना. दसरा झाला होता, दिवाळी आठवड्यावर आली होती, म्हणजे अंधाऱ्या रात्री. रात्रीची पाळी. दादा साडेबाराला निघाला. मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला. मोटार चालू केली, उसाच्या कडेनं दुसऱ्या टोकाला पाणी वळवायला गेला आणि रानाच्या मधोमध विजेरी विझली. मंद झाली नाही, पिवळी पडली नाही. क्षणापूर्वी लख्ख होती आणि पुढच्या क्षणी काहीच नाही.

वडिलांच्या हातातली विजेरी अशी कधीच विझली नव्हती. सेल उतरू लागले की जुन्या बल्बचा उजेड आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखा. अर्धा तास आधी ती सांगायची, "बाबा, घराकडे वळ." मी आणलेल्या मॉड्यूलनं काहीच सांगितलं नाही.

दादानं खटका बंद केला आणि जागच्या जागी उभा राहिला. चार-पाच मिनिटांनी पुन्हा खटका दाबला. उजेड आला, पाच-सात सेकंद राहिला, पुन्हा गेला. मग त्याला युक्ती सापडली. थांबायचं, खटका दाबायचा, तेवढ्या उजेडात दहा पावलं बघून घ्यायची आणि विझल्यावर ती चालायची. असं करत तो बांधावर आला. तिथल्या एका उजेडात त्याला पाच-सहा हातांवर घोणस दिसली, वाळलेल्या पाचटावर वेटोळं घालून. उजेड गेला. पुढची दहा मिनिटं तो हलला नाही. मग वाट सोडून, पाइपलाइनच्या कडेनं लांबच्या फेऱ्यानं घरी आला. मला त्यानं हे दिवाळीत सांगितलं, तेही सहज, फराळ करता करता. वहिनी मात्र सहज बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमचा उजेड मरताना सांगत नाही."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी ती विजेरी सोलापुरात आणली, मल्टिमीटर काढला आणि सुटीचे दिवस तिच्यामागे घालवले.

काय झालं होतं? ते मॉड्यूल काहीही झालं तरी उजेड एकसारखा ठेवायचं, अशा बेताचं होतं. सेल नवे असताना ठीक. सेल थकू लागले, त्यांचं व्होल्टेज उतरलं, की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी ड्रायव्हर त्यांच्यातून जास्त करंट ओढतो. थकलेल्या सेलमधून जास्त ओढलं की व्होल्टेज आणखी पडतं. मग ड्रायव्हर आणखी ओढतो. दमलेल्या बैलाला चाबूक मारावा तसं हे. शेवटी सेल एकदम बसतात आणि उजेड जातो. थोडी विश्रांती मिळाली की सेल किंचित सावरतात, म्हणून दादाला ते पाच-सात सेकंद मिळाले. आपल्याकडे किराणा दुकानात जे स्वस्त सेल मिळतात ते झिंक-कार्बनचे. घड्याळाला, रेडिओला ते उत्तम. पण एकदम जास्त वीज मागितली तर ते लवकर दम टाकतात. ३ वॉटचं मॉड्यूल आणि झिंक-कार्बनचे सेल, ही जोडीच चुकीची होती.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तारेच्या बल्बची उष्णता बरीचशी किरणांच्या रूपानं काचेतून पुढं निघून जाते. एलईडीची उष्णता उलट त्याच्या पाठीतून, बुडाकडून बाहेर पडते. ती धातूच्या अंगापर्यंत पोचली तरच एलईडी थंड राहतो. जुन्या विजेरीत बल्ब एका पातळ पत्र्याच्या कडीत आणि मागच्या स्प्रिंगवर टेकलेला असतो. तेवढ्या वाटेनं ३ वॉटची उष्णता बाहेर पडत नाही. एलईडी तापतो, उजेड कमी होतो, आयुष्य कमी होतं. माझ्या अनुभवात जुन्या विजेरीला १ वॉट पुरे. अंग प्लॅस्टिकचं असेल तर अर्धा वॉट.

तुम्ही म्हणाल, १ वॉटमध्ये कसला उजेड? आमच्या जुन्या बल्बच्या बुडावर ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं कोरलेलं होतं. गुणाकार केला तर एक वॉटपेक्षा थोडं जास्त. एवढी वीज खाऊन तो बल्ब जेमतेम दहा-पंधरा ल्युमेन उजेड देत होता, बाकी सगळी उष्णता. आजचा बरा एलईडी १ वॉटमध्ये शंभराच्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे तेवढीच वीज आणि कितीतरी पट उजेड. लख्ख निळा एलईडी १९९० च्या दशकात तयार झाला, त्यावर पिवळं चमकणारं लुकण लावून पांढरा उजेड मिळाला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो शोध गावातल्या बांधापर्यंत पोचला आहे. आपण फक्त हाव आवरली पाहिजे.

आता तुमच्या घरच्या विजेरीसाठी काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, जुना बल्ब काढून बघा. त्याला खाली आटे आहेत, की गुळगुळीत बूड आणि वर गोल पाळी आहे? दोन्ही प्रकार आपल्याकडे चालत आले. मॉड्यूल त्याच बुडाचं हवं. बाजारात जाताना जुना बल्ब, गेलेला का असेना, खिशात टाका. त्याच्यावरचे आकडे वाचून घ्या.

दुसरं, सेल मोजा. दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, तीन म्हणजे साडेचार, चार म्हणजे सहा. मॉड्यूलवर लिहिलेल्या मर्यादेत हा आकडा बसला पाहिजे, आणि अर्धे उतरलेले सेलही बसले पाहिजेत. दीड व्होल्टचा सेल उतरत उतरत एक व्होल्टपर्यंत येतो. म्हणून दोन सेलच्या विजेरीला दोन व्होल्टपर्यंत चालणारं मॉड्यूल हवं. त्यात व्होल्टेज चढवून देणारा ड्रायव्हर असतो. मर्यादा लिहिलेलीच नसेल तर ते मॉड्यूल घेऊ नका.

तिसरं, वाटी बघा. विजेरीच्या तोंडातली चकचकीत वाटी तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते. तारेचा उजेड सगळीकडे फाकतो, वाटी तो गोळा करून पुढं टाकते. एलईडी मात्र समोरच उजेड टाकतो. तो वाटीत खूप वर आला तर वाटीला कामच उरत नाही, खूप खाली राहिला तर झोताच्या मधोमध काळा डाग पडतो. घेण्याआधी दुकानातच दहा फुटांवरच्या भिंतीवर झोत टाकून बघा. तुमच्या विजेरीचं तोंड फिरवून झोत लहान-मोठा करता येत असेल तर तुम्ही नशीबवान. ल्युमेनचा आकडा म्हणजे एकूण उजेड, तो किती लांब जाईल याचा हिशेब वेगळा. रानातल्या माणसाला पायापुढचं चार-पाच पावलं रुंद दिसणं अधिक महत्त्वाचं. हे वहिनींना कळलं होतं, मला नाही.

चौथं, उजेडाचा रंग. थंड पांढरा, निळसर उजेड डोळ्यांना जास्त वाटतो. पण मी दोन्ही रंगांची मॉड्यूलं अंगणात वाळल्या पाचटावर टाकून पाहिली. तपकिरी दोरी निळसर उजेडात पाचटात हरवते, पिवळसर उजेडात उठून दिसते. दोरी का ठेवली होती, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन्ही मिळत असतील तर रानासाठी मी पिवळसर घेईन.

पाचवं, विजेरी आतून साफ करा. नवं मॉड्यूल टाकून उजेड पडत नाही, तेव्हा अनेकदा दोष खटक्याच्या पट्टीवर चढलेल्या काळपट थराचा असतो. ती पट्टी, स्प्रिंग आणि मागच्या टोपणाचे आटे बारीक पॉलिश पेपरनं घासा. सेल फुटून पांढरं काही सांडलं असेल तर साध्या झिंक-कार्बन सेलच्या डागाला खायच्या सोड्याचं पाणी, अल्कलाइन सेलच्या डागाला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. पुसून पूर्ण वाळू द्या. आणि एक ध्यानात ठेवा, व्होल्टेज चढवणारं मॉड्यूल सेल अगदी कोरडे होईपर्यंत शोषतं. असे कोरडे सेल विजेरीत राहिले की फुटतात आणि पितळ खातात. उतरलेले सेल त्याच दिवशी काढा.

सहावं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. घरी आणल्यावर मॉड्यूल पेटतं कसं हे सगळेच बघतात. तुम्ही ते विझतं कसं ते बघा. अर्धे वापरलेले सेल घाला, अंधाऱ्या खोलीत विजेरी चालू करून उभी ठेवा आणि घड्याळ घेऊन बसा. उजेड हळूहळू मंद होत गेला तर उत्तम. शेवटी शेवटी मिणमिणता का होईना टिकून राहिला तरी चालेल. एकदम गेला तर ती विजेरी घरात ठेवा, रानात नेऊ नका.

मी शेवटी काय निवडलं? तीन सेलसाठी १ वॉटचं, अगदी साध्या ड्रायव्हरचं मॉड्यूल. हा ड्रायव्हर व्होल्टेज चढवत नाही, जास्त असेल ते नुसतं अडवतो. नव्या सेलवर साडेचारपैकी दीड व्होल्ट, म्हणजे तिसरा हिस्सा वीज, उष्णतेत वाया जाते. मोठ्या ड्रायव्हरच्या हिशेबात हा दोष आहे. पण व्होल्टेज सव्वातीनच्या खाली आलं की उजेड आपोआप मंद होत जातो, जुन्या बल्बसारखा. सेलमधून ओढतो तोही जुन्या बल्बएवढाच करंट, ०.३ अँपिअर. मी त्याची चाचणी घेतली तेव्हा मंद व्हायला लागल्यापासून पायापुरताही न दिसण्यापर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. तेवढ्यात आमच्या रानाच्या कोणत्याही टोकावरून माणूस घरी येतो. दोन सेलच्या विजेरीत मात्र ही सोय होत नाही, तिथं व्होल्टेज चढवावंच लागतं. मग सेल उतरल्यावर आपण होऊन कमी उजेडावर येणारं मॉड्यूल शोधा, आणि सेलची एक जोडी खिशात ठेवा.

शेवटी एक प्रश्न उरतोच. एवढा खटाटोप कशाला? चार्जिंगची नवी विजेरी घ्यावी की! घ्या, जरूर घ्या. जुनी विजेरी प्लॅस्टिकची असेल, तडकलेली असेल, खटका गेलेला असेल तर तिच्यावर मॉड्यूलचा खर्च करू नका, हे मी स्पष्ट सांगतो. पण पितळी अंगाची, उघडता येणारी, गावातल्या कोणत्याही दुकानातल्या सेलवर चालणारी वस्तू असेल तर ती राखावी. चार्जिंगच्या विजेरीची आतली बॅटरी संपली की अनेकदा ती उघडताही येत नाही, आणि चार्जिंगला वीज लागते, जी गेलेली असते म्हणूनच आपण विजेरी शोधत असतो.

दादाकडे आज मोबाईल आहे, चार्जिंगची विजेरीही आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, ती सगळीकडे पोचो आणि रात्रीच्या फेऱ्या कायमच्या बंद होवोत. तोवर रात्री निघताना दादा हातात घेतो ती वडिलांचीच. मागच्या खेपेला मी गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाली, तो पाणी वळवून परत आला आणि विजेरी फळीवर ठेवता ठेवता वहिनींना म्हणाला, "उद्या सेल आणायला पाहिजेत. पिवळी पडायला लागली."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ताट वाढायला गेल्या. मला तेवढं पुरलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)